उरलेली हवा

संशोधन जहाजाच्या मागच्या डेकवर, पाणबुड्यांच्या शिडीला लागूनच, जाळीच्या दाराची एक अरुंद खोली होती. तिच्यात एक कॉम्प्रेसर, पाण्याने भरलेला लांबट हौद, भिंतीला पट्ट्यांनी जखडलेले पिवळे सिलिंडर आणि एक मनुष्य, इतकेच मावत असे. पाणबुडे जो श्वास पाठीवर बांधून समुद्रात उतरत, तो भरून देणे हे त्या मनुष्याचे काम. हवा देणारा म्हणून जहाजावरचे सगळे त्याला हवालदार म्हणत. कप्तान तर येताजाता त्याला सलाम ठोकी, आणि हवालदारही तो तितक्याच गांभीर्याने परत करी.

काम दिसायला सामान्य होते. पण ज्याच्या हातून दुसऱ्याचा प्राणवायू जातो, त्याला सामान्य राहण्याची मुभा नसते. धुराड्याचा धूर कुठे वाहतो आहे हे पाहून तो हवा ओढणारी नळी वाऱ्याच्या बाजूला वळवून बांधी. घाईने भरलेली हवा तापते आणि निवल्यावर कमी पडते, म्हणून सिलिंडर हौदात उभा करून तो सावकाश भरी. सरतेशेवटी झडप किंचित सैल करून ती हवा आधी स्वतः हुंगून पाही. आचाऱ्याने एकदा याचे कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही आमटी चाखता ना? तसंच." असा निर्मळ हाताचा पुरुष मत्सराच्या आहारी कसा गेला, याचा हा वृत्तान्त आहे.

त्याच्या वडिलांचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते, त्यामुळे अक्षरे गिरवण्याआधीच पंपाचा दांडा त्याच्या हाती आला. लहानपणी त्याचा एक कान फुटला आणि पडद्याला पडलेले छिद्र कधीच पुरते बुजले नाही. पाण्याखाली डोके न्यायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. गावाबाहेरच्या जुन्या खाणीत पाणी साठलेले असे. थोरला भाऊ आणि त्याचे सवंगडी तिथे दुपारभर सूर मारीत, आणि हा काठावर त्यांचे कपडे सांभाळीत बसे. पुढे तो म्हणत असे की जगात सर्वांत लांबणारे काम कोणते असेल, तर ते दुसऱ्याचे कपडे सांभाळण्याचे. टायरच्या दुकानात त्याने कॉम्प्रेसरची विद्या मिळवली. मग अग्निशमन दलात धुरात शिरणाऱ्या जवानांचे सिलिंडर भरले. आणि तिथून समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत त्याची नेमणूक झाली.

तिथेच ती त्याला भेटली. प्रवाळांचे निरीक्षण करणाऱ्या चमूत ती सर्वांत नवी होती. पाण्याचे भय अजून सरले नव्हते, त्यामुळे तिचा श्वास आखूड आणि उतावळा असे आणि तिचा सिलिंडर सर्वांच्या आधी रिकामा होऊन वर येई.

"तुम्ही खाली श्वास घेता की हवा खाता?" त्याने पहिल्याच आठवड्यात विचारले.

"भरता केवढीशी ते बघा आधी," ती म्हणाली. "कंजूष कुठले."

एवढ्या भांडवलावर विवाह झाला. संस्थेच्या मागच्या रस्त्यावर, एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांनी संसार थाटला. तिचा काळा रबरी पोशाख न्हाणीघरात वाळत असे, आणि हवालदाराची आई लेकाकडे राहायला आली की शेजारणीला सांगे, "सून गुणाची आहे हो, पण न्हाणीत माणूस टांगून ठेवते. दार उघडलं की माझा जीव जातो." त्या दिवसांत तिचा रिकामा सिलिंडर हाती आला की हवालदाराला एक गूढ समाधान वाटे. खाली ती घाबरते, वर आली की शिडीशी तोच उभा असतो, आणि ती पहिल्यांदा त्याचाच हात धरते. तिच्या भयावर आपल्या सुखाचा पाया आहे, हे त्याने स्वतःला कधी सांगितले नव्हते.

पुढे किनाऱ्यापासून फार दूर, जिथे मासेमारीच्या होड्याही जात नाहीत अशा प्रवाळभित्तींच्या अभ्यासाला जहाज निघाले, आणि पती-पत्नी दोघांचीही निवड झाली. काही वर्षांमागे समुद्र तापून त्या भित्ती पांढऱ्याफटक पडल्या होत्या. आता त्यांवरील किती प्रवाळ जगले आणि किती गेले, हे पाहायचे होते. कामाची रीत अशी: खडकावर एक लांब फीत अंथरायची; फितीच्या एका अंगाचे प्रवाळ एकाने पाहायचे, दुसऱ्या अंगाचे दुसऱ्याने, आणि जिवंत, आजारी व मृत भागांचा अंदाज पाटीवर लिहायचा. अंदाज म्हटला की माणसागणिक फरक आला. म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येक जोडी एकाच तुकड्याकडे पुन्हा पुन्हा पाहून आपले अंदाज एकमेकांशी मिळवून घेते, आणि एकदा मिळवलेली जोडी सफर संपेपर्यंत मोडत नाहीत. मोडली, तर आधीच्या आकड्यांशी नंतरचे आकडे ताडून पाहता येत नाहीत.

तिचा जोडीदार पूर्वी पोहणे शिकवीत असे, म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. पन्नाशी ओलांडलेला, विधुर, मितभाषी. गुडघे दुखत म्हणून शिडी चढताना प्रत्येक पायरीवर तो हळूच हुंकार देई. सफरीतील शेवटची आणि सर्वांत दूरची भित्ती त्या दोघांनीच पूर्वी मोजली होती. तीच आपल्या हातून पुन्हा मोजली जावी, हा तिचा एकमेव ध्यास होता. जहाजावर चढताना ती नवऱ्याला म्हणाली होती, "बाकी सगळ्या चुकल्या तरी चालतील. ती एक नीट झाली पाहिजे."

पहिल्याच भित्तीवरून दोघे वर आले. हवालदाराने रीतीप्रमाणे सिलिंडर उतरवून घेतले आणि उरलेल्या हवेचा काटा पाहिला. तिच्या सिलिंडरात भरपूर हवा शिल्लक होती. त्याला वाटले, काटा अडकला असेल. त्याने बोटाने टिचकी मारली. काटा हलला नाही.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही दिवशी तेच. पाण्याची तेवढीच खोली, तेवढाच वेळ, आणि पूर्वी अर्ध्या वाटेत हवा संपवणारी त्याची पत्नी आता दुसऱ्याला वाटता येईल इतकी हवा परत आणीत होती. पाणबुडा शांत असला की त्याला हवा कमी लागते. म्हणजे ती खाली शांत होती. ज्या शांतीसाठी हवालदार संसाराच्या आरंभापासून तिला समजावीत आला होता, ती तिला मास्तरांच्या सहवासात आपसूक लाभली होती. इतर नवऱ्यांना संशयासाठी अत्तराचा वास लागतो, उशिराचे येणे लागते. याला एका लोखंडी सिलिंडरातली हवा पुरली.

आचारी कांदा चिरीत बसला होता. "काय हवालदार, तोंड का उतरलंय? काही गळतंय का?"

"बायकोची हवा उरते आजकाल."

"नशीबवान आहात. माझ्या बायकोची संपतच नाही."

"मास्तरांबरोबर असली की उरते."

आचाऱ्याने सुरी खाली ठेवली. "लोक बायकोचा फोन तपासतात. सिलिंडर तपासणारा नवरा मी आजच पाहिला. जा, चहा घ्या आणि कॉम्प्रेसरला तेल घाला."

पण मत्सराला एकदा घरात घेतले की तो पाहुण्यासारखा राहत नाही. हळूहळू तोच यजमान होतो. हवालदार आता सगळीकडे पुरावे वेचू लागला. ती वर आली की तो विचारी, "मास्तर काय म्हणाले?" ती हसून म्हणे, "पाण्याखाली कोण काय म्हणणार?" हे उत्तर त्याला चतुर वाटे. एके दिवशी जेवणाच्या टेबलावर तिने मान न उचलताच दोन बोटे तळहातावर टेकवली, आणि मास्तरांनी तितक्याच सहजतेने पाण्याचा जग तिच्याकडे सरकवला.

"हे काय होतं?" हवालदाराने विचारले.

"कुठे काय?"

"आत्ता बोटांनी केलंस ते."

"पाणी मागितलं."

"तोंडाने मागता येतं की."

"तोंडात घास होता."

मास्तर भाबडेपणाने म्हणाले, "खाली पाणी मागायची खूण नसते, हवालदार. ही आम्ही वरच बनवली."

मास्तरांनी ती माहिती म्हणून सांगितली. हवालदाराच्या उरात मात्र ती सुरीसारखी गेली. ज्या टेबलावर तो समोर बसला होता, त्याच टेबलावर त्याला न कळणारी एक भाषा जन्माला आली होती.

जुन्या विचारवंतांनी ईर्ष्या आणि असूया यांत भेद केला आहे. दुसऱ्याचे भले पाहून जीव जळणे ही ईर्ष्या. जळता जळता त्या भल्यालाच दोषाचे नाव देणे ही असूया. ईर्ष्या करणाऱ्याला आपण जळतो आहोत हे निदान ठाऊक असते. असूया करणाऱ्याला मात्र आपण न्यायाने वागतो आहोत असे वाटत राहते, आणि म्हणून ती अधिक भयंकर. हवालदार या दुसऱ्या पायरीवर कधी उतरला, ते त्याचे त्यालाही कळले नाही. पाणबुड्यांत एक वाईट खोड असते: हवा वाचवण्यासाठी काही जण मध्येच श्वास रोखून धरतात. त्याने डोके दुखते, आणि प्रसंगी खालीच शुद्ध हरपते. तिने एकदा आचाऱ्याकडून डोकेदुखीची गोळी घेतली होती. झाले. तिचा दीर्घ, निवांत श्वास हा गुण त्याच्या दृष्टीने रोखलेल्या श्वासाचा दोष ठरला, आणि ती खोड लावणारे अर्थातच मास्तर ठरले.

पाणबुड्यांच्या प्रमुख एक वयस्क स्त्री होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. जहाज शेवटच्या भित्तीजवळ नांगर टाकत असताना हवालदार त्यांच्या दाराशी उभा राहिला.

"बाई, एक सांगायचं होतं. कामाचं."

"बोला."

"तिची हवा फार उरते. मला वाटतं, ती श्वास रोखते."

"ती म्हणाली तसं?"

"काटा म्हणतो. शिवाय परवा डोकं दुखत होतं तिचं."

बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिले. "हे नवरा सांगतोय, की हवालदार?"

"हवालदार," तो म्हणाला. त्या संभाषणातील असत्य तेवढेच होते, आणि तेवढे पुरेसे होते.

मोठ्या बाई सावध स्वभावाच्या होत्या. त्यांनी ताबडतोब निर्णय दिला: उद्या तिच्याबरोबर त्या स्वतः उतरतील, मास्तर जहाजाच्या लहान होडीत वरच थांबतील. ती धावत डेकवर आली. "बाई, मग मागचे आकडे आणि हे आकडे जुळायचेच नाहीत. तेव्हा या भित्तीवर आम्हीच होतो. एवढी एकच तर मागितली होती मी."

"आकडे मागाहून. माणूस आधी."

"पण झालंय काय?"

"काही झालेलं नसावं, म्हणूनच."

हवालदार जाळीच्या दाराआड उभा होता. जोडी मोडली या जाणिवेने त्याला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, आणि तिच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे त्याला पाहवतही नव्हते. एकाच मनात हे दोन्ही कसे नांदतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याने अनुभवले नाही त्याला सांगून कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी उतरल्या. मास्तर होडीत पाटी मांडीवर घेऊन, शाळेबाहेर काढलेल्या पोरासारखे बसून होते. दोघी वर आल्या, तेव्हा मोठ्या बाई हवालदाराला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी सगळा वेळ तिच्या बुडबुड्यांकडे पाहत होते. रोखलेला श्वास लपत नाही, बुडबुडे तुटतात. हिचे एका लयीत येत होते. झोपलेल्या लेकराचा श्वास पाहिलाय ना, तसे. तुमचा अंदाज चुकला, हवालदार. पण काळजीपोटी चुकला, म्हणून मी रागावणार नाही."

शिव्या दिल्या असत्या तर बरे, असे त्याला वाटले. त्याने तिचा सिलिंडर उचलला आणि काटा पाहिला. आजवरच्या कोणत्याही दिवसापेक्षा आज अधिक हवा उरली होती. मास्तर तर खाली नव्हतेच.

मत्सराला एक चेहरा लागतो. इतके दिवस त्याने मास्तरांचा चेहरा वापरला होता. तो आता अचानक गळून पडला, आणि आत जळणे मात्र तसेच शिल्लक राहिले.

दुपारी केबिनमध्ये ती खालच्या बिछान्यावर पाय जवळ घेऊन बसली होती. गोल खिडकीतून येणारा उजेड जहाजाबरोबर भिंतीवर वरखाली होत होता. तो दाराशीच उभा राहिला.

"तूच सांगितलंस ना?" तिने विचारले.

"हो."

"श्वास रोखते म्हणून?"

"हो."

"खरं वाटलं होतं तुला?"

"वाटून घेतलं."

तिने पाय आणखी जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "मास्तरांवरून?"

त्याने होकाराची मान हलवली. तिला हसू आले, पण ते ओठांपर्यंत येऊन परत गेले. "अरे, ते फितीच्या पलीकडे असतात. खाली गेल्यावर मला त्यांची आठवणसुद्धा नसते."

"आणि माझी?"

प्रश्न विचारताच आपण तो विचारायला नको होता, असे त्याला वाटले. कारण ती विचार करू लागली. लगेच 'असते' म्हणाली असती, तर त्याने ते खोटे असूनही घेतले असते.

"तुझीही नसते," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. "कुणाचीच नसते. आधी भीती वाटायची, तेव्हा सारखं वर कोण आहे ते आठवायचं. आता नाही वाटत. खाली मला कुणी हाक मारत नाही. मी जेवले का, दमले का, कुणी विचारत नाही. मी नुसती पाहते. तेवढा वेळ मी कुणाची कुणी नसते. तू रागावशील म्हणून कधी बोलले नाही."

"रागावलो नाही."

"मग?"

"जळलो," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. "आत्ताही?"

"आत्ता जास्त."

तिने बाजूला सरकून जागा केली, पण तो बसला नाही. तिचे तोंड भिंतीकडे वळले. "ती भित्ती गेली माझी," ती इतकेच म्हणाली.

पश्चात्तापाचे पुष्कळ प्रकार आहेत, आणि त्यांतील बहुतेक करणाऱ्यालाच सुख देणारे असतात. हवालदाराने मात्र त्या वेळी स्वतःचे सांत्वन शोधले नाही, हे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. तो तडक मोठ्या बाईंकडे गेला. नकाशाच्या टेबलापाशी त्यांच्याबरोबर मास्तरही होते. त्याने दोघांसमोर सांगितले, "बाई, काल हवालदार नव्हता बोलत. नवरा बोलत होता. मला मास्तरांचा मत्सर वाटत होता. जोडी पुन्हा उतरवा."

मास्तरांनी आधी आपल्या गुडघ्याकडे पाहिले, मग हवालदाराकडे.

"माझा?" ते म्हणाले. "या वयात, या गुडघ्यांसकट? बाई, यांना ओरडू नका फार. जरा बरंच वाटलं मला."

मोठ्या बाई हसल्या नाहीत. "काळजीपोटी चुकलात असं मी सकाळी म्हणाले होते. ते मी मागे घेते. जे लोक तुमच्या हातची हवा घेऊन खाली जातात, त्यांना तुमच्या मनावरही भरवसा ठेवता आला पाहिजे. या सफरीत तुम्हीच भराल, कारण दुसरं कुणी नाही. पुढच्या सफरीला ती येईल, तुम्ही नाही. तुम्ही किनाऱ्यावरच्या केंद्रात भरा."

"बरोबर आहे," हवालदार म्हणाला.

कप्तानाने कुरकुर केली. वादळी हवा येण्याचा संदेश आला होता आणि त्याला माघारी वळायचे होते. पुष्कळ विनवणी झाल्यावर त्याने फक्त सकाळ दिली. एवढ्या वेळात फितीची अर्धी लांबीच मोजून होणार होती. उरलेल्या अर्ध्या भागापुढे, निरीक्षक वेगळे होते, अशी टीप कायमची राहणार होती. ती हे ऐकून म्हणाली, "अर्धी तर अर्धी." तिने नवऱ्याचे आभार मानले नाहीत, आणि त्यानेही तशी अपेक्षा धरली नाही.

सकाळी त्याने दोन सिलिंडर हौदात उभे केले. नळी वाऱ्याकडे वळवली. आपल्याला विसरता यावे म्हणून आपणच तिला हवा भरून देत आहोत, हा विचार कॉम्प्रेसरच्या प्रत्येक ठोक्यागणिक त्याच्या मनात येत होता. हात मात्र नेहमीसारखाच सावकाश चालला होता. झडप सैल करून त्याने हवा हुंगली. निर्मळ होती. त्याने सिलिंडर तिच्या पाठीवर चढवला, पट्टे ओढून पाहिले आणि खांद्यावर थाप मारली. ती आणि मास्तर पाण्यात गेले. थोडा वेळ बुडबुडे दिसले, मग लाटांत ते वेगळे ओळखू येईनात.

दोघे वर आले ते एकमेकांशी तुटक वाक्यांत बोलतच. "त्या कडेला पाहिलंत?" "पाहिलं, पाहिलं." "आणि त्याच्या खाली?" "हो, तिथेही." हवालदार तिचा सिलिंडर हातांत घेऊन उभा होता, आणि त्या बोलण्यातले त्याला काही कळत नव्हते. जुनी आग पुन्हा भडकली. "मास्तर काय म्हणाले?" हा प्रश्न सवयीने जिभेवर आला. तो त्याने गिळला. मास्तर हुंकार देत शिडी चढून पुढे गेले.

"काय दिसलं?" त्याने तिला विचारले.

तिने चटकन वर पाहिले. इतक्या सफरींत हा प्रश्न त्याने कधी विचारलाच नव्हता, हे दोघांच्याही एकदमच ध्यानी आले असावे.

"नवीन आलीत," ती सावधपणे म्हणाली. "मेलेल्या खडकावर नवीन पोवळी धरलीत."

"केवढी?"

तिने करंगळीचे नख दाखवले. "एवढीशी."

"रंग?"

"फिकट तपकिरी. कडेला हिरवी झाक. जवळ जाऊन स्थिर राहिलं तरच दिसतात. श्वाससुद्धा जपून सोडावा लागतो, नाहीतर वर बसलेली माती उडते आणि झाकून टाकते."

ती ओल्या केसांनिशी डेकवर बसली आणि सांगू लागली, आधी तोलूनमापून, मग पूर्वीसारखी भरभर. तो तिच्यापुढे उकिडवा बसून ऐकत होता. ज्या कोणाला ती इतका वेळ न्याहाळत होती, त्या नखाएवढ्या जिवाचाही त्याला हेवा वाटत होता. तरी तिने थांबू नये म्हणून तो एकेक प्रश्न विचारीत राहिला.